मारोतराव आणि इटलीचे चार एक

मारोतरावांना ऊन लागलं ही बातमी कॉलनीत सकाळच्या चहाबरोबर पोचली, आणि ती पोचवली शेजारच्या वनमालाबाईंनी. त्या कुरड्या वाळत घालायला गच्चीवर चढल्या होत्या. पलीकडच्या गच्चीवर मारोतराव डोक्याला टॉवेल गुंडाळून येरझारा घालत होते आणि पुटपुटत होते, "ऊन. ऊनो. ऊना. ऊन." मध्येच थांबून त्यांनी आकाशाकडे बोट केलं आणि पुन्हा म्हणाले, "ऊन." आदिलाबादच्या मे महिन्यात शहाणा माणूस उन्हाचं नाव काढत नाही, आणि हा गृहस्थ उन्हाची रूपं चालवत होता. वनमालाबाईंनी कुरड्यांचं ताट तिथंच टाकलं. थोड्याच वेळात मारोतरावांच्या दारात कैरीचं पन्हं, दोन कांदे आणि वनमालाबाईंचे यजमान अनंतराव असे तिघे हजर झाले.

"बसा मारोतराव, पाय वर घ्या," अनंतराव म्हणाले. "कांदा फोडून काखेत धरा."

"मले काही झालं नाही," मारोतराव म्हणाले. "मी इटालियन शिकून राह्यलो."

अनंतरावांनी मागून आलेल्या बायकोकडे पाहिलं. "वात झाला," ते हळूच म्हणाले.

"नाही हो भाऊजी," आतून मारोतरावांच्या पत्नी भागीरथाबाई बाहेर आल्या. "खरंच शिकून राह्यले. हर्षदीपनं तिकडं पोरगी पाह्यली ना, तिच्या मायसंग बोलाचं म्हणतेत. घ्या, पन्हं तुमीच घ्या आता."

गोष्ट खरी होती. मारोतरावांचा मुलगा हर्षदीप इटलीत सूतकताईची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होता, आणि तिथल्याच मार्तिना नावाच्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं. मारोतीच्या घरात मार्तिना येणार हा योग कॉलनीला फार आवडला होता. अडचण एकच होती, आणि ती होती मार्तिनाची आई ऑर्नेलाबाई. बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या, एकुलती एक लेक एकटीनं वाढवलेली. त्यांचा जातीपातीला, रंगाला, कशालाच विरोध नव्हता. त्यांना फक्त एक धास्ती होती. त्या हर्षदीपला म्हणाल्या होत्या, "माझी मुलगी तुझ्या घरी गेली आणि तिथं तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं एक माणूस नसलं, तर ती त्या घरात कायमची पाहुणीच राहील." त्यामुळं त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, पण हो सुद्धा म्हटलं नव्हतं.

हे ऐकल्यावर मारोतराव क्षणभरही थांबले नाहीत. "एक माणूस पाह्यजे ना? मी शिकतो," ते म्हणाले, आणि त्याच दिवशी धाकट्या अर्पितानं त्यांच्या मोबाईलवर भाषा शिकवणारं अॅप टाकून दिलं. अर्पिता कॉलेजात होती आणि बापाला शिकवण्याची संधी तिला जन्मात पहिल्यांदाच मिळत होती. तिनं ती सोडली नाही.

"बाबा, आज आर्टिकल आहे," तिसऱ्या धड्याला ती म्हणाली.

मारोतराव सरसावून बसले. आर्टिकल हा शब्द त्या घरात परका नव्हता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि संविधानाची प्रत पुसून पुसून कोपऱ्यांनी मऊ झाली होती. चौदा, पंधरा, सतरा, एकवीस ही आर्टिकलं मारोतरावांना अशी पाठ होती की झोपेतून उठवून विचारलं तरी पोटकलमांसकट सांगितली असती. "आर्टिकलचं भेव दुसऱ्याले," ते म्हणाले. "कोणतं आहे, नंबर सांग."

"नंबर नसते बाबा याले. हे इंडेफिनिट आर्टिकल आहे. म्हणजे 'एक'. एक मुलगा, एक मुलगी, तसं."

"मंग सोपंच आहे. एक म्हणजे एक."

"तिकडं एक म्हणजे चार."

मारोतरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मराठीत एक म्हणजे एक. एक माणूस, एक बाई, एक लेकरू. 'एक' कुणाच्या भानगडीत पडत नाही. इटलीत मात्र पुरुषाला 'ऊन', बाईला 'ऊना'. इथवर मारोतराव शांत होते. पण पुरुषाचा शब्द 'स'ला दुसरं व्यंजन जोडून सुरू झाला, किंवा 'झ'नं सुरू झाला, तर 'ऊन'चा 'ऊनो' होतो. आणि बाईचा शब्द स्वरानं सुरू झाला तर 'ऊना'तला 'आ' गळतो, त्याच्या जागी वर एक स्वल्पविराम लोंबकळत राहतो आणि दोन शब्द एका श्वासात म्हणावे लागतात. त्या चौथ्याला मारोतरावांनी 'शेपटीवाला ऊन' असं नाव ठेवलं, आणि तो काही त्यांच्या हाताला लागेना. चूक या अर्थाचे दोन शब्द होते. एकाला 'ऊन' लागत होता आणि दुसऱ्याला 'ऊनो'. म्हणजे तिकडं चूक करायची तरी आधी कोणती करायची ते ठरवावं लागत होतं.

पण खरा पेच 'विद्यार्थी' या शब्दावर पडला.

"ऊनो स्तुदेंते," अर्पिता म्हणाली.

"ऊन इस्तुदेंते," मारोतराव म्हणाले.

अॅपनं लाल फुली दाखवली. त्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा लाल फुली.

"बाबा, ऊनो म्हणा. 'स'ले 'त' जोडला ना."

"तुह्या तोंडात जोडला असन," मारोतराव म्हणाले. "माह्या तोंडातून तो शब्द 'इ'पासून निघते. इस्कूल, इस्टेशन, इस्टूल, इस्तुदेंते. 'इ' स्वर आहे का नाही? मंग ऊनो काऊन लावू? माह्या जागी ऊनच कायदेशीर आहे."

अर्पितानं कपाळाला हात लावला, आणि अॅपनं पुन्हा लाल फुली दाखवली. मारोतरावांनी अॅपवर कायमचा राग धरला. अख्खा जिल्हा इस्कूल म्हणतो आणि ते यंत्र एकट्या मारोतरावांना नापास करत होतं.

अनंतरावांनी, पन्हं घेऊन झाल्यावर, या कामात लक्ष घालायचं ठरवलं. त्यांनी नोकरीभर फियाट गाडी चालवली होती, त्यामुळं इटलीच्या बाबतीत त्यांचा शब्द कॉलनीत अखेरचा मानला जाई. "मारोतराव, तुमी व्याकरणात गुंतून राह्यले," ते म्हणाले. "इटलीचा माणूस हातानं बोलते. तुमी हात हलवा, शब्द मागून येते." हा सल्ला फुकट होता, आणि मारोतरावांनी तो मनापासून घेतला. पुढच्या सगळ्या रामायणाला सुरुवात इथून झाली.

कारण त्याच रविवारी व्हिडिओ कॉल आला. मार्तिनाच्या घरी जेवण चाललं होतं. हर्षदीप काही आणायला खाली गेला आणि मार्तिनानं फोन सरळ आईच्या हातात दिला. इकडं भागीरथाबाई पोळ्या करत होत्या, अर्पिता मैत्रिणीकडं गेली होती. म्हणजे मारोतराव आणि ऑर्नेलाबाई यांच्यामध्ये अडवणारं शहाणं माणूस कुणी नव्हतं.

मारोतरावांनी छाती भरून श्वास घेतला. 'मला एक मुलगा आहे, हर्षदीप. मला एक मुलगी आहे, अर्पिता' एवढंच त्यांना म्हणायचं होतं. 'मला आहे' याला इटालियनमध्ये जो शब्द आहे त्यातला 'ह' मुका असतो, त्याचा उच्चार नुसता 'ओ' होतो. पण मारोतरावांनी तो कागदावर वाचला होता आणि मराठी माणसानं 'हो' हा शब्द 'हो' असाच वाचायचा असतो. "हर्षदीप," ते मोठ्यानं म्हणाले. "हो. ऊन फील्यो. ऊना फील्या." आणि अनंतरावांचं स्मरण करून त्यांनी दोन बोटं वर केली.

ऑर्नेलाबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी विचारलं, "हर्षदीप आ ऊन फील्यो?" म्हणजे, हर्षदीपला एक मुलगा आहे?

मारोतरावांना आपलंच वाक्य परत ऐकू आलं. एवढ्या लवकर समजलं, या आनंदानं ते फोनच्या आणखी जवळ सरकले. "हो, हो," ते म्हणाले, आणि मान हलवली.

"ए ऊना फील्या?" आणि एक मुलगी?

"हो. अर्पिता." त्यांनी भिंतीवरचा फोटो उचलून कॅमेऱ्यापुढं धरला. हर्षदीपनं पदवी घेतली त्या दिवशीचा तो फोटो होता. त्यात त्याच्या हाताला धरून दोन वेण्यांची छोटी अर्पिता उभी होती. मारोतराव हातानं उंची दाखवत राहिले, एक एवढा, एक एवढी. पडद्यावर ऑर्नेलाबाईंचा चेहरा जाऊन घराचं छत दिसू लागलं आणि मग काहीच दिसेना.

"कशी झाली हो गोष्ट?" भागीरथाबाईंनी आतून विचारलं.

"एकदम बढिया," मारोतराव म्हणाले. "सगळं समजलं त्यायले. बाई भावुक झाली."

तासाभरानं हर्षदीपचा फोन आला. तो ओरडला नाही, आणि तेच वाईट होतं. "बाबा," तो म्हणाला, "तुमी मार्तिनाच्या आईले सांगतलं की मले दोन लेकरं आहेत. फोटो दाखवला. लेकीचं नाव अर्पिता म्हणून सांगतलं."

मारोतराव खुर्चीत बसले. पन्हं देणारं मात्र या वेळी कुणी नव्हतं.

पुढं कळलं ते असं. हर्षदीपनं सगळा उलगडा केला होता. बाईंना तो पटलाही होता, पण पुरता नाही. त्या म्हणाल्या, "जूनमध्ये शाळेला सुट्टी लागते. मी मार्तिनाला घेऊन येते. ते घर मी माझ्या डोळ्यांनी पाहीन, मग बोलू." म्हणजे लग्नाचा निकाल आता आदिलाबादेत लागणार होता. "आणि बाबा, एक हात जोडून सांगतो," हर्षदीप शेवटी म्हणाला. "त्या आल्या की तुमी फक्त नमस्कार करा, हसा. इटालियन बोलू नका."

एवढा अपमान मारोतरावांचा कुणी केला नव्हता. त्यांनी नोकरीत कुणाचं ऐकून घेतलं नाही आणि पोटच्या पोरानं त्यांना मुकं करून ठेवलं. ते दोन दिवस कुणाशीच बोलले नाहीत, कोणत्याच भाषेत. तिसऱ्या दिवशी ते अर्पिताला म्हणाले, "लाव ते अॅप. ज्या तोंडानं गडबड केली त्याच तोंडानं निस्तरतो."

नीट अभ्यासाला रजा हवी होती. मारोतराव रोज तामसीच्या बसनं जाऊन एका सरकारी कचेरीत वरिष्ठ कारकुनी करत. त्यांनी इंग्रजीत अर्ज केला, कारण लिहिलं, इटालियन आर्टिकलचा अभ्यास. साहेब नवे आणि सावध होते. त्यांनी मारोतरावांना आत बोलावलं. "मारोतराव, बाहर के मुल्क के आर्टिकल आप कायकू पढ़ रहे?"

"फॅमिली मॅटर है साब."

"फॅमिली मॅटर में दूसरे मुल्क का कॉन्स्टिट्यूशन?"

मारोतरावांनी समजावून सांगितलं. ऊन, ऊनो, ऊना म्हणून दाखवलं. साहेबांनी पंख्याचा वेग वाढवायला सांगितलं आणि अर्ज वर पाठवला. सरकारी नोकरानं परमुलखाच्या घटनेतली आर्टिकलं अभ्यासावीत किंवा कसे, याबद्दल वरून मार्गदर्शन मागवण्यात आलं. रजा लटकली ती लटकलीच. मारोतरावांनी मग तामसीच्या बसमध्ये अभ्यास सुरू केला. कंडक्टर आला की ते म्हणत, "ऊन बिल्येत्तो," एक तिकीट. कंडक्टर म्हणे, "काका, खिडकी लावून घ्या, नाही लागणार ऊन."

कचेरीतला कॉम्प्युटरवाला नागेश मात्र मनापासून मदतीला आला. पाहुणे हैदराबादला उतरून गाडीनं येणार, म्हणजे हायवेवरच्या इचोड्यावरून येणार हे ऐकल्याबरोबर तो म्हणाला, "काका, स्वागत इचोड्यालाच करू. माह्या साडूचं, चंपतचं, फ्लेक्सचं दुकान आहे तिथं, धाब्याच्या बाजूले. असा बॅनर लावतो की गाडी आपोआप थांबन."

मारोतरावांचे डोळे चमकले. बोलायची बंदी होती, लिहायची नव्हती. त्यांनी बॅनरचा मजकूर दोन दिवस घोटला. नुसतं 'स्वागत' कुणीही लिहिलं असतं. त्यांना आर्टिकल दाखवायचं होतं, आणि तेही अवघडातलं. शेवटी त्यांना सापडलं, 'ऊनो स्प्लेंदिदो बेनवेनूतो.' म्हणजे, एक झगझगीत स्वागत. 'स्प्लेंदिदो'त 'स'ला 'प' जोडलेला, म्हणून 'ऊनो'. ज्या 'ऊनो'नं त्यांना इस्कुलात नापास केलं होतं, तोच ते भर हायवेवर बिनचूक लावणार होते. अर्पितानं तपासलं, अॅपनंही हिरवी खूण दिली.

ठरल्या दिवशी किरकोळ रजा टाकून मारोतराव, भागीरथाबाई, अर्पिता आणि सल्लागार म्हणून अनंतराव इचोड्याला पोचले, तेव्हा धाब्यासमोर जत्रा भरलेली होती. ट्रक थांबले होते, जीपा थांबल्या होत्या. माणसं हातात कागद घेऊन ओळीनं उभी होती. कुणीतरी लाऊडस्पीकर लावला होता. शाळेतली मुलं गणवेशात होती, सुट्टी असून.

"एवढी माणसं आपल्यासाठी?" भागीरथाबाईंनी पदर सावरला.

मारोतरावांनी वर पाहिलं. दोन खांबांमध्ये बॅनर ताणलेला होता. चंपत हात पुसत पुढं आला. "काका, जागा पुरली नाही," तो म्हणाला. "मंग पह्यला शब्द मोठा घेतला अन् बाकीचे बारीक करून खाली टाकले."

पहिला शब्द खरोखर मोठा होता. लाल रंगात, माणसाएवढ्या उंच इंग्रजी अक्षरांत, यू, एन, ओ. खालची ओळ वाचायला जवळ जावं लागत होतं आणि जवळ कुणी गेलं नव्हतं. बॅनर आदल्या दिवशीच लागला होता. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांत एकच बातमी होती, की इचोड्याला युनो येऊन राह्यली.

"सरळ अमेरिकेवरून येऊन राह्यले म्हणते," एक जण म्हणाला. पार भीमपूरकडून जीप करून माणसं आली होती. त्यांना नाल्यावर पूल हवा होता. शाळेला कंपाउंडची भिंत हवी होती. आणि सगळ्यांच्या पुढं, हातातली काठी जमिनीत रोवून, जयवंताबाई नावाची म्हातारी उभी होती. तिच्या फाट्यावर बस थांबत नव्हती. तिनं ते थेट जगाच्या कानावर घालायचं ठरवलं होतं.

"अनंतराव, आता काय करावं?" मारोतरावांनी विचारलं.

फियाटवाल्या अनंतरावांनी पहिल्यांदाच सल्ला दिला नाही.

एवढ्यात गाडी आली. बॅनर पाहून ती खरंच आपोआप थांबली. आधी हर्षदीप उतरला. त्यानं गर्दी पाहिली, बॅनर पाहिला, मग बापाकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मागून मार्तिना उतरली, डोक्यावर ओढणी घेऊन. शेवटी गवती टोपी घातलेल्या ठेंगण्या ऑर्नेलाबाई उतरल्या. त्याबरोबर टाळ्या पडल्या, आणि त्या पुरत्या उभ्या राहायच्या आत त्यांच्या गळ्यात झेंडूचे चार हार होते. शाळेच्या मुलांनी सलामी दिली. जयवंताबाईनं पुढं होऊन त्यांचा हात धरला आणि बसची सगळी हकीकत सुरुवातीपासून सांगितली. ऑर्नेलाबाईंना एक अक्षर कळलं नाही, पण म्हातारी बोलत होती तोवर त्यांनी हात सोडवून घेतला नाही. मारोतरावांच्या हे लक्षात आलं.

मग बाईंनी टोपी मागं सारून बॅनर वाचला. खालच्या ओळीपर्यंत वाचला. शाळेतल्या बाई त्या, ओठ हलवत वाचल्या आणि मारोतरावांकडं वळून म्हणाल्या, "जूस्तो." म्हणजे, बरोबर आहे.

धाबेवाल्यानं ते ऐकलं आणि तो मोसंबीचा जूस घेऊन पळत आला.

इकडं कुणीतरी लाऊडस्पीकरचा माईक मारोतरावांच्या हातात दिला होता. "तुमाले यायची भाषा येते म्हणते. बोला, मारोतराव. पुलाचं आधी बोला."

हर्षदीप गर्दीतून मान हलवत होता, नका, बाबा, नका. सगळा हायवे माईककडं पाहत होता. समोर ती बाई उभी होती, जी आपली एकुलती एक लेक या उन्हात, या माणसांत सोडायची की नाही हे पाहायला इतक्या लांबून आली होती. आता गप्प बसलं तर तिची धास्ती खरी ठरत होती. मारोतरावांनी माईक तोंडापाशी नेला. आज 'ह' मुका ठेवायचा होता.

"ओ ऊन फील्यो," ते म्हणाले, आणि हर्षदीपकडं बोट केलं. मला एक मुलगा आहे. "ओ ऊना फील्या. अर्पिता." मला एक मुलगी आहे. अर्पिता पुढं आली. दोन वेण्यांची नव्हे, कॉलेजातली, आईच्या डोक्याहून उंच झालेली अर्पिता. "हर्षदीप नॉन आ फील्यी." हर्षदीपला मुलंबाळं नाहीत.

ऑर्नेलाबाईंनी अर्पिताला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्या हसायला लागल्या. गळ्यातले हार हलेपर्यंत हसल्या. गर्दीला वाटलं पूल मंजूर झाला. पुन्हा टाळ्या पडल्या.

पाठ केलेलं इथंच संपत होतं. मारोतराव माईक खाली ठेवणार, तेवढ्यात त्यांची नजर मार्तिनाकडं गेली. पोरगी उन्हानं लालबुंद झाली होती. तिच्या एका हातात कुणाचं तरी निवेदन होतं आणि दुसऱ्या हातानं ती जयवंताबाईच्या डोक्यावर आपल्या ओढणीची सावली धरत होती. मारोतरावांनी माईक पुन्हा वर घेतला. त्यांना आणखी एक वाक्य म्हणायचं होतं, आणि ते त्यांनी घोटलेलं नव्हतं. 'आणखी एक मुलगी.' आणखी म्हणजे आल्त्रा. आल्त्रा बाईचा शब्द, आणि सुरू होतो स्वरानं. म्हणजे तोच, जन्मात न जमलेला, शेपटीवाला.

"ओ..." ते म्हणाले आणि एका श्वासात पुढचं म्हणून टाकलं, "ऊनाल्त्रा फील्या." मला आणखी एक मुलगी आहे. त्यांनी मार्तिनाकडं हात केला. अर्पिता मागून पुटपुटली, "बरोबर आलं बाबा. बॅनरवरचा धरून चारही आले."

पण ऑर्नेलाबाई हसायच्या थांबल्या होत्या. त्यांनी मान हलवली. "नो," त्या म्हणाल्या.

मारोतरावांचा चेहरा उतरला. भागीरथाबाईंनी अर्पिताचा दंड घट्ट धरला. त्या लाल फुलीची मारोतरावांना सवय होती, पण ती या बाईच्या तोंडून यावी असं त्यांना वाटत नव्हतं.

ऑर्नेलाबाई पुढं आल्या. वर्गात पोराची वही तपासताना करावं तसं त्यांनी एक बोट वर केलं आणि हळू, सुटं सुटं करून म्हणाल्या, "नो 'ऊनाल्त्रा'. मिया. मिया फील्या. सेन्झा आर्तीकोलो." मग त्या हर्षदीपला भराभर काहीतरी सांगत राहिल्या. सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले.

"काय चुकलं रे?" मारोतरावांनी विचारलं. माईक अजून चालूच होता.

हर्षदीप बापाच्या जवळ सरकला. "त्या म्हणतेत बाबा, 'आणखी एक मुलगी' म्हणू नका. 'माझी मुलगी' म्हणा. त्यायच्या भाषेत घरच्या माणसाले माझं म्हणाचं असलं की आर्टिकल लागत नाही."

मारोतरावांनी माईक बाजूला केला, कारण हे हायवेला ऐकवायचं नव्हतं, आणि मार्तिनाला म्हणाले, "मिया फील्या." ऑर्नेलाबाईंनी लेकीचा हात घेतला आणि भागीरथाबाईंच्या हातात ठेवला. भागीरथाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "लागतच नोहोतं तं महिनाभर काऊन पाठ करून राह्यले होते मंग?"

धाब्यावर जेवताना उलगडा सगळ्यांनाच करावा लागला. भीमपूरकडचे लोक थोडे हिरमुसले, पण मोसंबीचा जूस पिऊन गेले. निवेदनं मात्र ऑर्नेलाबाईंनी परत दिली नाहीत. विश्वासानं दिलेला कागद परत करायचा नसतो, असं त्या म्हणाल्या. आणि बोलता बोलता मारोतरावांनी अॅपची तक्रार केली, तेव्हा त्या चमकून म्हणाल्या की त्यांची आजी सुद्धा 'इस्कुओला' म्हणायची, जुन्या लोकांत तशीच रीत होती. मारोतरावांनी घास खाली ठेवला. "ऐकलं का अर्पिता," ते म्हणाले. "इटलीची आजी माह्या बाजूनं आहे." घरी पोचल्यावर त्यांनी ते अॅप अनंतरावांना देऊन टाकलं.

जयवंताबाईच्या फाट्यावर पुढच्या आठवड्यापासून बस थांबू लागली. म्हातारीची युनोशी ओळख आहे हे ड्रायव्हरच्या कानावर गेलं होतं म्हणतात.

लग्नाची तारीख ठरल्यावर एक दिवस कचेरीत वरून उत्तर आलं. 'अर्जदारास कोणत्या आर्टिकलचा अभ्यास करावयाचा आहे, त्याचा क्रमांक नमूद करून बाकायदा खुलासा सादर करावा.' मारोतरावांनी पेन उघडलं आणि खाली लिहिलं, 'संबंधित व्यक्ती आता माझी मुलगी असल्यामुळे आर्टिकलची आवश्यकता राहिलेली नाही.' साहेबांनी नागेशकडून त्यामागची हकीकत समजावून घेतली, मारोतरावांच्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता सही केली.